गोळेश्वर, टिळक हायस्कूल, हेलसिंकी

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने दोन मुले शिकून गेली. एकाने शाळेच्या आवारात तिरंगा लावला म्हणून अठरा महिन्यांची सक्तमजुरी भोगली, आणि पुढे तो महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. दुसऱ्याने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. यशवंतराव चव्हाण आणि खाशाबा जाधव. दोघेही शेतकरी मराठा घरांतले, दोघेही या शाळेतून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

खाशाबांची गोष्ट आपल्याकडे एकट्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. गरीब घरचा पोर, लाल माती, जिद्द, पदक आणि नंतरची उपेक्षा. यातले काही खोटे नाही. पण या सांगण्यात तालुक्याची एक शाळा, एक कॉलेज आणि त्यांतले मास्तर हरवून जातात. गावच्या तालमीत पैलवान तेव्हा शेकड्यांनी होते. त्यांतला एकच लंडनला आणि हेलसिंकीला पोचला, कारण तालमीतून निघालेली त्याची वाट शाळेतून आणि कॉलेजातून गेली. ती वाट कशी तयार झाली हे समजायचे तर आधी त्या काळचा सातारा जिल्हा पाहिला पाहिजे.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. 1949 मध्ये त्यातून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि नोव्हेंबर 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यशवंतरावांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, त्यांचे कराड साताऱ्यात. जुन्या माणसांच्या मनात ही सरहद्द अजूनही पक्की झालेली नाही, आणि शाळांच्या किंवा कुस्तीच्या इतिहासात तर ती शोधूनही सापडत नाही.

या मुलखात इंग्रजी शाळा म्हणजे आधी फक्त सातारा शहर. तिथल्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्याच्या आदल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. खेड्यातल्या मुलाला मात्र मराठी शाळेची व्हर्नाक्युलर फायनल हाच शेवट. पुढे शिकायचे तर साताऱ्यात कुणा नातेवाइकाकडे राहायचे किंवा वारावर जेवायचे. वार लावून जेवण्याची सोयही सगळ्या जातींच्या मुलांना नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह सुरू केले, ते हीच अडचण ओळखून. 1940 मध्ये त्यांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे केले.

शिक्षण जिल्ह्याच्या गावाहून तालुक्याच्या गावाकडे सरकत होते, त्या काळात कराडला टिळक हायस्कूल होते. ही शाळा कराडच्या लोकांची होती. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे बाजाराचे गाव, मामलेदार कचेरी, आजूबाजूच्या खेड्यांतून चालत येणारी पोरे. ज्या शाळेवर टिळकांचे नाव होते तिच्यातल्या मुलांना राजकारणापासून दूर ठेवणे कोणत्याही हेडमास्तराला जमले नसते. यशवंतरावांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. शेणोलीकर मास्तरांनी वर्गात विचारले, तुम्हाला कोण व्हायचे आहे ते चिठ्ठीवर लिहा. कुणी टिळक लिहिले, कुणी आणखी थोर नाव लिहिले. या मुलाने स्वतःचेच नाव लिहिले. त्या उत्तरातला ताठा मास्तरांनी ओळखला असणार. 26 जानेवारी 1932 रोजी त्याच मुलाने शाळेत झेंडा लावला, पकडला गेला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर पुन्हा वर्गात बसून 1934 मध्ये तो मॅट्रिक झाला. तुरुंगातून सुटलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा बाकावर जागा देणे हे त्या काळात शाळेनेही छातीवर घेतलेले काम होते, हे विसरू नये.

खाशाबा दादासाहेब जाधव हे गोळेश्वरचे. गाव कराडच्या अंगाला, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. जन्म 15 जानेवारी 1926 चा, पाच भावांतले सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच आखाड्याची शिस्त. कुस्ती हा त्या मुलखात नुसता खेळ नव्हता. गाव तिथे तालीम, आणि जत्रा तिथे मैदान. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू व्हायच्या, मग नारळावर, मग रुपयांवर, आणि शेवटी निकालीची मोठी कुस्ती. पहाटे उठून जोर-बैठका, मग हौद्यातली माती उकरायची, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले. वस्तादाचा शब्द खाली पडायचा नाही. आठव्या वर्षी खाशाबांनी परिसरातल्या नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत आसमान दाखवले असे सांगतात.

1940 ते 1947 ही त्यांची टिळक हायस्कूलची वर्षे. शाळेतल्या मैदानी खेळांत तेव्हा हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या, लेझीम, मल्लखांब आणि कवायत यांचा भरणा असे. कुस्तीची माती गावात आणि पुस्तक कराडात, असा दोन्हीकडचा दिवस. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. अंगाने ते आडदांड नव्हते. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, वजन हलके. मोठ्या मैदानात मोठ्या धडाच्या मल्लाला मान असतो. हलक्या वजनाच्या मुलाला तिथे फार तर चपळाईची शाबासकी मिळते, इनामाची मोठी जोड मिळत नाही. वजनाच्या गटाप्रमाणे जोड लावण्याची रीत कॉलेजांच्या आणि संघटनांच्या स्पर्धांत होती, जत्रेत नव्हती. खाशाबा शिकत राहिले म्हणून त्या स्पर्धांच्या दारापर्यंत गेले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जत्रेतल्या कुस्तीपुरतेच ते राहिले असते तर देशाला त्यांचे नावही कळले नसते.

त्यांच्या शाळेच्या काळातच बेचाळीसचे ‘चले जाव’ आंदोलन आले. सातारा जिल्ह्यात ते जसे पेटले तसे महाराष्ट्रात कुठेच नाही. 24 ऑगस्ट 1942 रोजी कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबारात माणसे पडली. नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. भूमिगतांची जेवणाखाण्याची, लपण्याची आणि निरोपाची सगळी व्यवस्था खेड्यांतल्या घरांवर चालली होती. सोळा वर्षांचे खाशाबा त्यात होते. भूमिगतांना आसरा देणे आणि पत्रके पोचवणे ही कामे त्यांनी केली. यशवंतराव त्याच वेळी जिल्ह्यातल्या भूमिगतांच्या पुढाऱ्यांत होते. एकाच शाळेच्या दोन पिढ्या एकाच लढ्यात, एक नेतृत्व करणारी आणि एक निरोप नेणारी.

शाळा संपवून खाशाबा राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे पंढरपूर. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेले खासबाग मैदान, संस्थानच्या खर्चाने पोसलेल्या तालमी, खुराक, वस्ताद. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत मात्र त्यांची लहानखुरी चण पाहून खेळाच्या शिक्षकांनी आधी नाव घ्यायचेच नाकारले, आणि प्राचार्यांकडे जाऊन त्यांनी परवानगी मिळवली, असे त्यांच्या चरित्रांत येते. मग आखाड्यात उतरून त्यांनी थोराड मल्लांना ढाकेवर उचलून टाकले. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत घेऊन त्याला फेकायचे, हा त्यांचा हातखंडा डाव.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशाने. फ्लायवेट म्हणजे 52 किलोंच्या गटात ते उतरले. तोवरचे सगळे आयुष्य मातीत गेलेले. गादीवरची कुस्ती, तिचे गुण, वेळेची मर्यादा हे सगळे नवे. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल, नाही लागली तर कुस्ती चालूच. गादीवर पाठ न लागताही गुणांवर कुस्ती जाते. रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना तिथे शिकवले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले आणि सहावे आले. आजच्या वाचकाला सहावा क्रमांक लहान वाटेल. पण हे खाशाबांचे गादीवरचे पहिलेच मोठे मैदान होते.

लंडन ते हेलसिंकी या चार वर्षांत महाराष्ट्रात जे घडले ते क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांत फारसे येत नाही. सांगलीसारखी दक्षिणेतली संस्थाने 1948 मध्ये विलीन झाली आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूरही मुंबई राज्यात गेले. ते व्हायलाच हवे होते, प्रजेचा लढाच त्यासाठी होता. पण पैलवानाच्या बाजूने पाहिले तर खुराकाला आणि प्रवासाला पैसे देणारा राजा गेला, आणि हे आपले काम आहे असे मानणारे सरकार अजून तयार झाले नव्हते. त्या मधल्या फटीत खाशाबा सापडले. मुंबई सरकारकडे चार हजार रुपयांची मदत मागितली गेली. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. मदत मिळाली नाही.

त्याआधी निवडीचाच घोळ झाला होता. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना हरवण्यात आले. निकालात अन्याय झाल्याची त्यांची खात्री होती. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि या वेळी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. मग हेलसिंकीसाठी त्यांची निवड झाली. शेतकऱ्याच्या घरातला सव्वीस वर्षांचा तरुण आपल्या हक्कासाठी पत्र लिहितो, महाराजांपर्यंत जातो, कागदावर आपली बाजू मांडतो. तालमीत वस्तादासमोर मान वर करायची नसते. न्याय मागायची आणि अर्ज करायची सवय शाळा-कॉलेजातच लागते, असे मला वाटते.

पैशांचा प्रश्न राहिलाच होता. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 मधले सात हजार म्हणजे मध्यमवर्गीय माणसाची आयुष्याची पुंजी. कॉलेज सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या एका स्पर्धेसाठी एका प्राचार्याने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. भारतीय क्रीडा-इतिहासात यापेक्षा मोठी देणगी मला माहीत नाही, आणि आकड्याने याहून मोठ्या देणग्या पुष्कळ झाल्या आहेत हे ठाऊक असूनही मी हे म्हणतो.

हेलसिंकीत ते बँटमवेटमध्ये, म्हणजे 57 किलोंच्या गटात होते. कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला त्यांनी हरवले. शेवटच्या टप्प्यात सोव्हिएत रशियाचे रशीद ममादबेयोव्ह आणि जपानचे शोहाची इशी यांच्याशी गाठ पडली आणि दोन्ही कुस्त्या गेल्या. एक लांबलेली, दम काढणारी लढत संपल्यावर नियमाने मिळायची ती विश्रांती न देता त्यांना पुन्हा गादीवर बोलावले, आणि त्यांच्या वतीने हरकत घ्यायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. मल्लाला मैदानात एकटे सोडायचे नसते, हे जत्रेतल्या पंचालाही कळते. इशींनी सुवर्ण जिंकले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. ममादबेयोव्ह दुसरे, खाशाबा तिसरे. 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक भारताच्या नावावर लागले. कोल्हापूरचेच माणगावे त्याच हेलसिंकीत वरच्या गटात पदकाच्या दारापर्यंत जाऊन आले, त्यांचे नाव आता कुणी घेत नाही, म्हणून इथे घेतो.

परतल्यावर कराडच्या स्टेशनवर जे झाले ते या मुलखाने कधी विसरू नये. स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीकडे, काचेच्या कारखान्याजवळ. पुणे-मिरज मीटर गेज गाडीतून खाशाबा उतरले तेव्हा 151 बैलगाड्या सजवून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी थोडक्या वेळात होणाऱ्या गोळेश्वरच्या वाटेला मिरवणुकीत सात तास लागले. सरकारी सत्काराची वाट न बघता लोकांनी आपल्या माणसाला आपल्या बैलांनी घरी नेले.

मग खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः उतरले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. पदकाचे पैसे करण्याचा हा पहिला आणि त्यांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव प्रसंग, आणि तोही दुसऱ्याचे घर परत मिळवून देण्यासाठी.

पुढची हकीकत थोडक्यात सांगावी लागते, कारण तीत आनंद कमी आहे. 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, मल्ल घडवले, सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या मशालदौडीत ते धावले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार मरणानंतर आला. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक लिअँडर पेसचे, 1996 चे. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. कुस्तीत तर दुसरे पदक यायला 2008 उजाडले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला 2010 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. महाराष्ट्रात आता 15 जानेवारी हा राज्य क्रीडा दिन आहे. पण गोळेश्वरला जाहीर झालेले कुस्ती संकुल इतके रखडले, की 2017 मध्ये कुटुंबाला पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली.

खाशाबांच्या आगेमागे या दोन जिल्ह्यांत जे घडले, तेही नीट पाहण्यासारखे आहे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याचे झाले, नंदू नाटेकर मुंबईचे. म्हणजे क्रिकेट आणि बॅडमिंटन यांना मोठी शहरेच लागली. कवठे पिरानचे मारुती माने मात्र मातीतून गादीवर गेले, 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण घेऊन आले आणि 1964 मध्ये हिंदकेसरी झाले. पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात गेले, 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्ण जिंकले. तिथेही घडवणारी संस्था सैन्य होती.

शाळेची वाट पुन्हा ठळकपणे दिसते ती अलीकडच्या वर्षांत, आणि तीही जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमधल्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव शेतमजुराचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याच्यातले खेळाचे अंग ओळखले, त्याला क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीला पाठवले, आणि तो तिरंदाज म्हणून टोकियो ऑलिंपिकला गेला. 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिचे वडील शिक्षक.

क्रीडा प्रबोधिन्या, जिल्हा क्रीडा संकुले, शिष्यवृत्त्या हे सगळे आता आहे. 1952 मध्ये यातले काही नव्हते, म्हणून एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले. पण सरड्याच्या त्या गुरुजींनी केले ते काम कोणत्याही योजनेच्या कागदावर नव्हते. सातारा आणि सांगलीच्या खेड्यांत आज शेकडो माध्यमिक शाळा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ शाळांत क्रीडाशिक्षकाच्या तासाला गणित किंवा इंग्रजी उरकले जाते. वार्षिक स्पर्धा फेब्रुवारीत दोन दिवसांत आटोपतात. कराडच्या शाळेतले ते दोन विद्यार्थी शोभेपुरते भिंतीवर राहू नयेत असे वाटत असेल, तर सुरुवात वेळापत्रकातल्या त्या एका तासापासून करावी लागेल, आणि ती करायला मुंबईच्या मंजुरीची गरज नाही.